ओतिलियाच्या तीन पट्ट्या

"निदान झालं," असं कुणी म्हटलं की ओतिलिया कोयोयची कपाळाची शीर उडायची.

"किती आजारांचं झालं?" ती विचारायची.

समोरचा नवा असला तर गोंधळायचा. जुना असला तर काढता पाय घ्यायचा, कारण पुढं काय ऐकायला लागणार हे त्याला पाठ असायचं.

ग्वातेमालाच्या दक्षिणेकडच्या सखल, दमट मुलखातल्या एका सरकारी इस्पितळात ओतिलिया लॅब टेक्निशियन होती. वय एक्कावन्न, उंची एवढीशी. सूक्ष्मदर्शकाशी डोळा जुळावा म्हणून स्टुलावर टेलिफोनच्या दोन जुन्या डिरेक्टऱ्या ठेवून बसायची. आईवडील वरच्या डोंगराळ भागातले, किचे भाषा बोलणारे. कॉफीच्या मळ्यावर कामाला खाली उतरले आणि इथंच राहिले. ओतिलिया एकोणिसाव्या वर्षी या लॅबमध्ये काचेच्या नळ्या धुवायला लागली. दिवसा नळ्या, संध्याकाळी शाळा, असं करत सात वर्षांनी तिनं टेक्निशियनचा कागद मिळवला. तोंडाची फटकळ, पण हात असा हलका की लहान मुलाला सुई टोचून झाली तरी ते दुसरीकडेच बघत असायचं.

एचआयव्हीचे रुग्ण या इस्पितळात येत ते अगदी शेवटी येत. उसाच्या मळ्यांतून, कोंबड्यांच्या शेडांतून, सरहद्दीकडच्या ट्रकच्या रस्त्यावरून. आधी घरचे काढे, मग चर्चमधल्या मेणबत्त्या, मग औषधाच्या दुकानातलं कसलं तरी इंजेक्शन, आणि सगळं थकलं की इस्पितळ. रक्तातल्या ज्या पेशी माणसाला सांभाळतात त्या मोजल्या तर दोनशेच्या खाली, कधी पन्नासच्याही. अशा शरीरात एकच रोग शिरून गप्प बसतो असं कुठं असतं? पण वॉर्डातली रीत अशी की खोकल्यात टीबी सापडला की फाइलवर टीबी लिहायचं, गोळ्या सुरू करायच्या आणि पुढच्या खाटेकडे वळायचं.

ओतिलियालाही आधी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. हेच तिला पुढं सलत राहिलं.

बाजारात एवेलियो साहचे नावाचा न्हावी होता. तिच्या नवऱ्याचे केस तोच कापायचा. बोलका, नीटनेटका, दर रविवारी बूट चमकवणारा. तो वॉर्डात आला तेव्हा तिनं आधी ओळखलंच नाही, इतका वाळला होता. एचआयव्ही निघाला, थुंकीत टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या. ताप काही उतरेना. डॉक्टरांनी रक्ताच्या पेशी मोजायला पाठवल्या, ओतिलियानं मोजल्या आणि आकडे लिहून दिले. तेविसाव्या दिवशी एवेलियो गेला.

त्याची बायको लॅबच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. तिला मृत्यूच्या दाखल्यासाठी कुठल्यातरी कागदाची नक्कल हवी होती. जाता जाता म्हणाली, "गोळी एकही चुकवली नाही हो त्यानं. मी स्वतः मोजून द्यायची. मग कशानं गेला?"

तो प्रश्न ओतिलियाच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत तिनं एवेलियोची जुनी काच पेटीतून काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. या वेळी तिनं मोजलं नाही, नुसतं बघितलं. तिसऱ्याच जागी एक पांढरी पेशी दिसली, आणि तिच्या पोटात बारीक बारीक ठिपके. प्रत्येकाभोवती पांढरं कडं. हिस्टोप्लाझ्मा. वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेत वाढणारी बुरशी. धुळीबरोबर छातीत जाते आणि दुबळ्या शरीरात रक्तापर्यंत पसरते. तिच्यावर औषध होतं. एवेलियोला ते कुणी दिलं नव्हतं, कारण टीबी सापडल्यावर दुसरं काही असेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

आणि ही काच तिनं स्वतः बघितली होती. पेशी मोजायला सांगितल्या होत्या, तिनं पेशी मोजल्या होत्या. पेशीच्या पोटात काय आहे ते कुणी विचारलं नव्हतं.

"मी गाढवासारखी मोजत बसले," ती नवऱ्याला म्हणाली. त्या दिवशी तिनं जेवण तसंच ठेवलं. रडली मात्र नाही. तिला राग आला होता, आणि तो राग पुढं कधी गेलाच नाही.

दोन-तीन वर्षांत राजधानीतून नव्या तपासण्यांचे डबे आले. बोटभर लांबीच्या कागदी पट्ट्या. एक रक्तासाठी, तिच्यावर दहा मिनिटांत क्रिप्टोकॉकस कळतो, म्हणजे मेंदूच्या आवरणात शिरणारी बुरशी. दुसरी लघवीसाठी, तिच्यावर पाऊण तासात हिस्टोप्लाझ्मा. तिसरीही लघवीचीच, थुंकी काढता येत नसेल अशा रुग्णाचा टीबी दाखवणारी. तपासायला यंत्र नको, वाट बघायला महिना नको. ओतिलियानं डबे उघडले तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, आता एवेलियोसारखं कुणी जाणार नाही.

पण लॅबचे प्रमुख होते लिसेन्सियादो आरोल्दो मोन्सोन. पदवी नावाआधी लावल्याशिवाय ते हाकेला ओ देत नसत. त्यांनी तीनही डबे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले आणि कुलूप घातलं. प्रत्येक पट्टीसाठी वेगळा अर्ज, प्रत्येक अर्जावर तज्ज्ञ डॉक्टरची सही, आणि एका रुग्णाला एका वेळी एकच तपासणी.

"का पण?" ओतिलियानं विचारलं.

"कारण डॉक्टरला ज्याचा संशय आहे ते तपासायचं असतं. संशयच नाही ते कशाला तपासायचं? उद्या तुम्ही सरसकट सगळ्यांचं सगळं तपासत सुटाल."

"सगळ्यांचं नाही. ज्यांच्या पेशी दोनशेच्या खाली आहेत त्यांचं."

"ओतिलियाबाई, पट्ट्या जपून वापरायच्या असतात."

पट्ट्या इतक्या जपल्या गेल्या की पहिल्या वर्षी अर्ध्याहून जास्त मुदत संपून कचऱ्यात गेल्या. ती गोणी ओतिलियानं स्वतः उचलून मागच्या अंगणात नेली. वॉर्डात त्या वर्षी एचआयव्हीचे अकरा जण गेले होते, आणि अकराही दाखल्यांवर कारण एकच होतं, क्षय. गोणी खाली टाकून तिनं तिला एक सणसणीत लाथ घातली. झाडूवाल्यानं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

माउरिलिया इश्कोय आली ती पुढच्या मार्चमध्ये. एकतीस वर्षांची, विधवा, कोंबड्यांच्या मोठ्या शेडमध्ये सफाईला. तिच्याबरोबर तिची आई काएताना. माउरिलियाला बोलण्याचं त्राण नव्हतं, आणि काएतानाला किचेखेरीज भाषा येत नव्हती. वॉर्डातल्या डॉक्टर लिसांद्रो बारिएंतोसना किचेचा एक शब्द येत नव्हता. सव्विसाव्या वर्षी सत्तावीस खाटा एकट्यानं सांभाळणारा माणूस. वाईट नव्हता, पण दमलेला होता आणि दमलेला आहे हे कबूल करायचा नाही. एचआयव्ही निघाला, पेशी अडतीस निघाल्या, थुंकीत टीबी निघाला. फाइलवर टीबी लिहिलं गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काएताना लॅबच्या खिडकीशी आली. हातात लघवीची बाटली. कुणी मागितली नव्हती, पण शेजारच्या खाटेवाली घेऊन जाते म्हणून हीही घेऊन आली.

"नान," ती म्हणाली. वडीलधाऱ्या बाईला किचेत असंच म्हणतात. ओतिलियाचा चेहरा बघून तिला ही आपली भाषा बोलेल असं वाटलं असावं. "नान, हे इथं द्यायचं का?"

"कुणाचं आहे?"

"माझ्या पोरीचं. तिचं डोकं फुटतंय नान. उजेड सहन होत नाही. चादर ओढून घेते तोंडावर, तर ती सिस्टर येऊन काढते."

ओतिलियानं हातातली नळी खाली ठेवली. "डोकं कधीपासून दुखतंय?"

"तीन आठवडे झाले असतील. तोंडातही फोड आलेत, पाणी गिळवत नाही."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"कुणाला सांगू? ते विचारतात, मला कळत नाही. मी सांगते, त्यांना कळत नाही. मग ते मान हलवतात आणि मीही मान हलवते."

"कामाला कुठं जायची पोरगी?"

"कोंबड्यांकडं. खालचं सगळं खरवडून गोण्यांत भरायची. इतकी धूळ नान, की घरी आली की थुंकी काळी यायची. अंगात ताप आहे म्हटल्यावर मुकादमानं तिला फाटकातूनच परत पाठवलं."

तीन दिवस ही बाई खाटेशेजारी बसली होती आणि आख्ख्या रोगाची हकिगत तिच्या तोंडात तयार होती. कुणी ऐकायला आलं नव्हतं. ओतिलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच कोट अंगावर असताना वॉर्डात गेली.

डॉक्टर बारिएंतोस फाइल लिहीत होते.

"डॉक्टर, सात नंबरच्या पोरीचं डोकं दुखतंय. उजेड सोसत नाही."

"ताप आहे ना. तापात दुखतंच."

"तीन आठवडे?"

"टीबी मिळालाय, ओतिलियाबाई. ताप, खोकला, वजन घटणं, सगळं त्यात बसतं. उद्यापासून एचआयव्हीच्या गोळ्याही सुरू करतोय."

"मेंदू तपासल्याशिवाय? अहो, तिथं बुरशी असली आणि या गोळ्यांनी अंगात एकदम ताकद आली, तर डोक्यात सूज येऊन दोन दिवसांत जाईल ती. मी नाही सांगत, तुमच्याच कपाटातल्या पुस्तकात लिहिलंय."

त्यांनी पेन थांबवलं. मान वर केली नाही. "तुम्ही नमुने तपासा. पेशंट मी तपासतो."

"मग तपासा की!" ती म्हणाली. "तिच्या आईला एक प्रश्न तरी विचारलात का? मी तुमच्या भिंतीपलीकडंच बसते. हाक मारली असती तर बोलले असते तिच्याशी."

डॉक्टर लाल झाले, पण फाइल मिटून पुढच्या खाटेकडे गेले.

ओतिलिया परत आली ती थेट फ्रिजकडे. किल्ली मोन्सोनच्या खणात असायची आणि मोन्सोन त्या दिवशी दुपारपर्यंत आरोग्य कार्यालयात बैठकीला गेले होते. तिनं खण उघडला. पुढं विचारलं तेव्हाही तिनं हे लपवलं नाही: खण मी उघडला, किल्ली मी घेतली, पट्ट्या मी काढल्या.

माउरिलियाचं सकाळचं रक्त लॅबमध्ये होतंच. पहिली पट्टी तिनं त्यात उभी केली आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटं लागलीच नाहीत. चौथ्या मिनिटाला दुसरी रेघ उमटली, जाड, ठसठशीत. क्रिप्टोकॉकस. लघवीच्या पट्टीला पाऊण तास लागला. तिथंही दोन रेघा. हिस्टोप्लाझ्मा. टीबी तर आधीच सिद्ध होता. ओतिलियानं रिपोर्टचा कोरा कागद घेतला आणि एकाखाली एक तीन नावं लिहिली.

तेवढ्यात मोन्सोन आले. फ्रिजचं उघडं कुलूप त्यांना दारातूनच दिसलं.

"हे कुणी मागवलं?"

"तिच्या आईनं."

"मस्करी करताय?"

"अजिबात नाही. बाटली तिनं आणली."

"अर्ज कुठाय? सही कुठाय? या रिपोर्टवर मी शिक्का मारणार नाही. माझ्या शिक्क्याशिवाय हा कागद म्हणजे रद्दी."

"रोग तर शिक्क्याची वाट बघत नाहीत ना, लिसेन्सियादो!"

"आवाज खाली."

"आवाज खाली ठेवूनच तर इतकी वर्षं काढली!" असं म्हणून तिनं दोन्ही पट्ट्या चिमटीत धरल्या, तशाच ओल्या, आणि निघाली.

डॉक्टरांचा राउंड सुरू होता. मागं दोन सिस्टर आणि शिकाऊ मुली. एका सिस्टरच्या ट्रेमध्ये गोळ्यांची नवी बाटली होती. उद्या सुरू करू म्हणून ठरलेल्या गोळ्या फार्मसीनं आजच पाठवल्या होत्या, आणि आल्या आहेत तर देऊन टाकू असं कुणीतरी म्हटलं होतं. सात नंबरच्या खाटेशी पाण्याचा पेला भरून तयार होता. काएतानानं पोरीची मान हातावर उचलून धरली होती.

"थांबा," ओतिलिया म्हणाली. तिनं पट्ट्या डॉक्टरांच्या समोर धरल्या. "ही रक्ताची. ही लघवीची. टीबी तुमच्याकडं आहेच. तीन झाले डॉक्टर. ही गोळी आज दिलीत तर माझ्यासमोर द्या."

शिकाऊ मुली जमिनीकडे बघायला लागल्या. डॉक्टरांनी पट्टी घेतली, उजेडाकडे धरली. मग सिस्टरला म्हणाले, "ती बाटली परत ठेवा." आणि ओतिलियाला, "तिच्या आईला समजावून सांगाल का, पाठीतून पाणी काढावं लागेल म्हणून?"

ओतिलियानं सांगितलं. काएतानानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता विश्वास बसला ना, डोकं दुखतंय यावर?"

पाठीत सुई गेली तेव्हा पाणी इतक्या जोरात आलं की डॉक्टरांनी ओठ चावला. काळ्या शाईत मिसळून ओतिलियानं ते काचेवर बघितलं: काळ्या आभाळात पांढरी कडी असलेले गोळे, मोजण्यापलीकडे. पाणी काढल्यावर मेंदूवरचा दाब उतरला. तासाभरात माउरिलियानं तोंडावरची चादर बाजूला केली आणि पहिल्यांदा स्पष्ट शब्द बोलली. भूक लागली होती तिला.

त्यानंतर डॉक्टर बारिएंतोस बदलले म्हणावं की जागे झाले, ओतिलियाला ठरवता आलं नाही. पण ते राबले. दोन्ही बुरशींवर चालणारं शिरेतून द्यायचं औषध इस्पितळात नव्हतं. ते राजधानीहून बसच्या टपावर नव्हे, ड्रायव्हरच्या पायाशी बर्फाच्या डब्यात घालून आणवलं. हिस्टोप्लाझ्मावर पुढं वर्षभर द्यायची गोळी टीबीच्या नेहमीच्या औषधामुळे अंगात टिकतच नाही, तीही अडचण त्यांनीच शोधली आणि टीबीचं औषध बदलून घेतलं. म्हणजे नुसतं दोन्ही रोग माहीत असून भागलं नसतं. एकाचं औषध दुसऱ्याचं औषध मारतं हेही कळावं लागलं असतं. आणि एकच रोग लिहून फाइल बंद केली असती तर ते कळणार तरी कुणाला होतं? एचआयव्हीच्या गोळ्या पाच आठवडे थांबवून मग सुरू केल्या. पाठीतून पाणी अकरा वेळा काढावं लागलं. दर वेळी ओतिलिया खाटेशी उभी राहायची आणि किचेत बोलत राहायची, बहुतेक कोंबड्यांच्या शेडच्या मालकाला शिव्या घालत. माउरिलियाला त्यातल्या काही शिव्या नव्यानं कळल्या.

ती जगली. डाव्या डोळ्यानं तिला आता सावल्याच दिसतात. तीन आठवडे दुखणाऱ्या डोक्याबद्दल आल्या दिवशी कुणी विचारलं असतं तर कदाचित तो डोळाही वाचला असता, असं डॉक्टर स्वतः म्हणाले. ओतिलियानं ते "कदाचित" त्यांना माफ केलं नाही.

इकडं मोन्सोननी लेखी तक्रार केली होती. कार्यालयातून कागद आला: अधिकाराबाहेर जाऊन तपासणी केली, सरकारी साहित्य विनापरवाना वापरलं, सबब समज देण्यात येत आहे, तीन महिने लॅबच्या मुख्य टेबलावरून हलवून नमुन्यांच्या नोंदीवर बसवण्यात येत आहे. खाली सही करा.

ओतिलियानं सही केली नाही. म्हणाली, "उत्तर लिहून देते."

ते उत्तर लिहायला तिला सहा आठवडे लागले, कारण ते नुसत्या शब्दांत नव्हतं. नोंदीच्या खिडकीवर बसून काम संपलं की दुपारी ती काचांच्या जुन्या पेट्या काढायची. आदल्या वर्षी क्षयाच्या नावावर गेलेल्या अकरांपैकी नऊ जणांच्या रक्ताच्या काचा सापडल्या. एकेक काच तिनं पुन्हा रंगवली आणि बघितली. चौघांच्या पेशींत तेच कडेवाले ठिपके होते. डॉक्टर बारिएंतोसना तिनं बोलावलं, त्यांनीही स्वतः बघितलं आणि कागदावर खाली सही केली. पत्राच्या शेवटी ओतिलियानं लिहिलं: "ही चार माणसं औषध नाही म्हणून गेली नाहीत. औषध होतं, तपासणी होती, तपासणी कुलपात होती. समज कुणाला द्यायची ते कार्यालयानं ठरवावं."

ते पत्र कार्यालयात चौदा महिने पडलं होतं. त्याचं घोंगडं भिजत राहिलं, पण डॉक्टरांनी त्याची प्रत राजधानीत पाठवली आणि तिथून विचारणा झाली. मग एकाएकी घाई सुटली. नवा अर्ज छापून आला: पेशी दोनशेच्या खाली असल्या तर तिन्ही तपासण्या एकाच वेळी, पहिल्याच दिवशी, एकाच सहीवर. छोटासा समारंभ झाला. फीत लिसेन्सियादो मोन्सोननी कापली. भाषणात म्हणाले की, लॅबनं पुढाकार घेऊन ही सुधारणा घडवली.

ओतिलिया मागच्या रांगेत बसली होती. शेजारच्या सिस्टरनं तिच्या मांडीवर हात ठेवला, ही आता उठून काहीतरी बोलणार या धास्तीनं.

"बोलू दे त्याला," ओतिलिया म्हणाली, हळू आवाजात म्हणावं तर तीन रांगांना ऐकू गेलं. "नाव त्याचं लागू दे नाहीतर त्याच्या आजोबाचं. पट्ट्या वापरा म्हणजे झालं."

तिची समज मात्र तिच्या फाइलीतून आजवर कुणी काढलेली नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यातून एक ट्रकचालक इकडं पाठवला गेला. कागदावर एकच शब्द: क्षय. एचआयव्हीच्या गोळ्या आठवड्यापूर्वीच सुरू केलेल्या. ओतिलियानं रक्ताची पट्टी लावली, दुसरी रेघ उमटली, आणि डॉक्टर सुई घेऊन येईपर्यंत तो शुद्धीवर राहिला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. तिकडच्या इस्पितळात अजून जुनाच अर्ज चालतो, एका वेळी एक. ओतिलियानं तिथं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. फोन केला. "साहेब बैठकीत आहेत." पुन्हा केला. "साहेब दौऱ्यावर आहेत."

शुक्रवारी तिनं रजा टाकली आणि सकाळच्या बसनं तिकडे गेली. दोन बस बदलून साडेदहाला पोचली. संचालकांच्या खोलीबाहेर बसलेल्या बाईनं वर न बघता सांगितलं, "साहेब बैठकीत आहेत. कधी सुटतील सांगता येत नाही."

"हरकत नाही," ओतिलिया म्हणाली. बाकावर बसली, पिशवीतून फडक्यात बांधलेल्या मक्याच्या तोर्तिया, उकडलेली अंडी आणि मिठाची पुडी काढली, आणि मांडीवर मांडून ठेवली. "मी जेवण आणलंय. पाच वाजेपर्यंतचं."